हातचा एक

पत्रात लिहिलं होतं: नव्या बाजारपेठेत पदार्पण.
गावाचं नाव बाजार-कोर्गोन.
मी पत्र दोनदा वाचलं,
मग खिडकीतून खाली पाहिलं.
खरबुजांच्या ढिगाशी दोघं भांडत होते,
बहुधा आजोबांच्या वेळेपासून अडलेल्या दरावरून.

खरेदी विभाग म्हणजे मी,
ताझागुल, गणिताची निवृत्त शिक्षिका,
शिवाय एक टेबल, एक शिक्का,
आणि ऑर्हुसहून आलेलं एकशे बारा पानांचं बाड.
पहिल्याच पानावर:
विभागप्रमुखाच्या सहीशिवाय काहीही विकत घेऊ नये.
चाळिसाव्या पानावर:
स्वतःच्या मागणीवर विभागप्रमुखाने सही करू नये.

नोव्हेंबर आला. शेगडी हवी होती.
हेनिंग फोनवर म्हणाला, मागणीपत्र भर.
भरलं. ते मंजुरीसाठी माझ्याकडेच आलं.
उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात,
इथे उंटही नाही, नुसता स्पीकर.
शेवटी पदरच्या पैशांनी
ओतीव लोखंडाची शेगडी उचलून आणली.
तिला पुरवठादार क्रमांक नाही.
पेटते मात्र.

मग अक्रोड, अर्सलानबॉबच्या रानातले.
फोडणावळ, आणि ओशपर्यंतचं ट्रकभाडं.
नियम अकरा: तीन दरपत्रकं.
तीन आली,
एकाच वहीची पानं, एकच निळी शाई,
आणि तिन्हींतला सात
कमरेला आडवी रेघ बांधलेला.

हा सात माझ्या ओळखीचा.
सातवी ब, तिसरा बाक, ओडिल.

हेनिंगने स्कॅन पाहिले. साटंलोटं, म्हणाला,
आणि त्याचं चूक आहे असंही म्हणवेना.
मी बेरीज पाहिली, निव्वळ सवयीने.
अठ्ठेचाळीस हजार सहाशे,
सतरा हजार सातशे पन्नास,
खाली पासष्ट हजार तीनशे पन्नास.
सहा नि सात तेरा, तीन मांडले,
हातचा एक...
तेव्हाही विसरायचा.

त्या हजार सोमांच्या जोरावर ओडिल सर्वांत स्वस्त.
ते मिळवले, तर त्याचाच मेहुणा मुरोदजॉन
साडेतीनशेने खाली.
बाडात शोधलं. एक ओळ सापडली:
दिलेला आकडा पुरवठादारावर बंधनकारक राहील.
मी शेगडीवर चहा ठेवला
आणि खणात लाल पेन्सिल शोधत बसले.

ओडिल आला. अक्रोडाच्या हिरव्या सालीने
बोटं मनगटापर्यंत काळी.
तिन्ही तूच लिहिलीस?
हो, मुअल्लिमा. मुरोदजॉन म्हणाला,
माझं अक्षर परदेशी पाठवण्यासारखं नाही.
सोबिरला वेळ नव्हता.
त्यांनी सांगितलं तेच लिहिलं.

मी कागद पुढे सरकवला.
त्याचे ओठ हलले. सहा. सात.
डाव्या हाताचं एक बोट उभं राहिलं,
आणि बराच वेळ तसंच राहिलं.
मग काम मुरोदजॉनचं, म्हणाला,
आणि चहात साखर मागितली.

तिन्ही आकडे ज्याच्या हाती होते
त्याने चुकावं, तेही आपल्याच कागदावर!
हे ऑर्हुसला कसं कळवणार?
शेऱ्याच्या रकान्यात साठच अक्षरं मावतात.
लिहिलं: बेरीज तपासली. दर खरे.

खरेदी आदेश क्रमांक एक, मुरोदजॉनच्या नावे.
ट्रक गुरुवारी भरला आणि गेला.
आदेश मंजूर होऊन शनिवारी उतरला,
वरातीमागून घोडं.
ट्रक मुरोदजॉनचाच होता,
चाकावर बसला होता ओडिल.
त्यांचं आपसात काय ठरलं, मी विचारलं नाही.
पोती मोजली, दोनदा,
दुसऱ्यांदा त्याला मोठ्याने मोजायला लावून.

शेगडीचे पैसे अजून यायचेत.